जांभळा ठिपका

खोटं बोलायचं माझं वय गेलं. बोलले तेवढं पुरे झालं.

त्यामुळे पटलं तर माना, नाहीतर सोडून द्या. माझी भाची हे मोबाईलवर लिहून घेतेय. तिला बजावलंय, एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही.

लोकांची भुतं रात्री येतात. माझं भरदुपारी दोन वाजता आलं. मे महिना, १९८३ साल. मुळशी तालुका, रिह्याच्या खोऱ्यातलं मुलांचं उन्हाळी शिबिर.

मी नर्स, रत्नाबाई. माहेर मुठ्याचं, नोकरी पुण्यात. रजा काढून दोन वर्षं मी या शिबिरावर गेले. शहरातली शंभरेक पोरंपोरी महिनाभर तिथं राहायची. सकाळी कवायत, दुपारी दोनला सक्तीची झोप, संध्याकाळी खेळ. मला पत्र्याची एक खोली दिलेली. दोन खाटा, औषधाचं कपाट आणि दाराला आखूड पडदा. बाहेर ओसरीवर रांग लागली की पडद्याखालून पोरांचे नुसते पाय दिसायचे.

आता ठिपक्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं.

पोरं पहिल्यांदाच घर सोडून आलेली. आईची आठवण आली की पोट दुखायचं. कवायत नको असली की पोट दुखायचं. रोज वीस-पंचवीस पोटं! शिबिरप्रमुख हैबतराव म्हणाले, "सिस्टर, ढोंगी पोरांचे लाड नकोत. एकदा बघितलेलं पोर परत रांगेत दिसता कामा नये."

मग युक्ती मीच काढली. ढोंग वाटलं की जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाचा एक ठिपका हाताच्या मागच्या बाजूला लावायचा. चार-चार दिवस जात नाही तो. ठिपकेवालं पोर परत आलं की हात बघायचा आणि हाकलायचं. हैबतराव जाम खूश. मीपण खूश. अक्कल गहाण टाकलेली, दुसरं काय!

हे पहिल्या वर्षीचं, ब्याऐंशी सालचं. तिथं पाणी भरायला रिह्याची साळूबाई होती. आमच्यातलीच. तिची इंदू दहा वर्षांची. गावातली एक मुलगी फुकट घ्यायची पद्धत होती, म्हणून तिला शिबिरात घेतलेली. साळूबाई दिसली की हळूच म्हणायची, "जयभीम, बाई." मी आधी इकडंतिकडं बघायची आणि मग नुसती मान हलवायची. उगाच कुणी म्हणायला नको, सिस्टर आपल्या माणसांचं बघते.

एका शुक्रवारी सकाळी इंदू रांगेत आली. बेंबीपाशी दुखतंय म्हणाली. ताप नव्हता. बाकीच्या पोरांच्या पोटाला मी निदान हात लावून बघायची. हिच्या पोटाला लावला नाही. हैबतराव मागं उभे होते ना!

ठिपका लावला. "जा कवायतीला."

जेवणानंतर ती परत आली. वाकून चालत होती. एक हात उजव्या कुशीवर, दुसरा पाठीमागं लपवलेला.

"हात दाखव."

तिनं दाखवला.

"ठिपका आहे. चल, नीघ."

"बाई, लई दुखतंया वो..."

"तुझी आई इथं कामाला आहे म्हणून तुला वेगळा न्याय नाही मिळायचा."

हे माझे शब्द. तस्सेच्या तस्से.

ती गेली नाही. रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. बाकी सगळे कॅनव्हासचे बूट, तिचेच पाय अनवाणी. पडद्याखालून मला दिसत होते. दोनची घंटा झाली आणि मी दार लोटून घेतलं.

पाच वाजता ती ओसरीच्या टोकाला सापडली. तापानं फणफणलेली. शिबिराची एकुलती जीप नव्हती. एका साहेबाच्या मुलाचा पाय मुरगळला म्हणून पुण्याला धाडलेली. साळूबाईनं पोरीला मांडीवर घेऊन एसटीनं नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं. दुसऱ्या दिवशी इंदू गेली.

हैबतरावांनी आजारी पोरांची वही माझ्यापुढं सरकवली. "लिहा सिस्टर, मुलीने त्रास उशिरा सांगितला."

मी लिहिलं. चांगल्या वळणदार अक्षरात.

पुढल्या वर्षी मी परत गेले. निर्लज्ज म्हणा. साळूबाईही आली होती. पोट कुणाला सुटलंय? मला बघून म्हणाली, "जयभीम, बाई." तसंच, हळू.

तिसऱ्या दिवसाची दुपार. रांग संपली होती. घंटा झाली, पोरं झोपायला गेली. कावळासुद्धा ओरडत नव्हता. मी वहीतून मान वर केली आणि...

पडद्याखाली दोन पाय. अनवाणी.

"कोण आहे गं? आत ये."

पडदा हलला नाही.

उठून सारला. ओसरी रिकामी. उन्हानं फरशी अशी तापलेली की पायाला चटका बसला. फक्त एका जागी... दोन पावलांएवढी फरशी गार होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या दिवशी आवाजही आला. पोट धरून, दात आवळून माणूस कण्हतं ना... तसा.

आणखी एका दिवसानं मी रांगेतल्या एका मुलीला विचारलं, "तुमच्या मागं शेवटी कोण उभं असतं?"

"ती ना सिस्टर? ती रोजच असते. आम्ही म्हटलं, तू पुढं जा. तर म्हणते, मला बाई बघत न्हाईत."

माझ्या हातातला थर्मामीटर खाली पडून फुटला.

पोरं पांगल्यावर साळूबाई काचा गोळा करायला आली. माझ्याकडं न बघताच बोलली.

"भिऊ नका बाई. मला बी दिसतीया ती. रोज सांगते, पोरी, घरला चल. हलत न्हाई."

मीपण खाली बसून काचा उचलायला लागले.

"बाई, एक इचारू? मला काय वाचता येत न्हाई. त्या वहीत माझ्या इंदूचं काय लिवलंय? येळंवर आली व्हती का वो ती तुमच्याकडं?"

एवढंच विचारलं तिनं. एक 'हो' म्हणायचं होतं. माझी नोकरी गेली असती, हैबतराव अंगावर आले असते. पण त्या माऊलीला कळलं असतं की तिच्या पोरीनं जे करायचं ते केलं होतं.

मी म्हणाले, "नाही गं साळूबाई. आली असती तर मी सोडलं असतं का? तिनं फार उशिरा सांगितलं."

साळूबाई म्हणाली, "मंजी माझ्याच पोरीचं चुकलं म्हणायचं. मी तर तिला सांगितलं व्हतं, दुखलंखुपलं तर रत्नाबाईंकडं जा. त्या आपल्या हायेत."

आणि तिची नजर माझ्या हातावर गेली...

"बाई, ह्ये काय लागलंय?"

माझ्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला जांभळा ठिपका. ओला.

औषधाची बाटली कपाटात होती. कपाटाला कुलूप. किल्ली माझ्या कमरेला. त्या वर्षी ते औषध मी एकदाही उघडलं नव्हतं, आईची आण.

ठिपका कुणाला लावतात ते शिबिरावर सगळ्यांना ठाऊक होतं. साळूबाईलाही.

"धुतलं की जाईल," मी कशीबशी बोलले.

"न्हाई जात, बाई." साळूबाई उठली. "इंदूला शेवटची आंघूळ घालताना मी लई घासला व्हता."

दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली नाही. पडद्याखाली पायही परत दिसले नाहीत.

तीन वर्षांनी साळूबाई वारल्याचं कानावर आलं. पुण्याहून रिहे काही लांब नाही. मधल्या काळात एकदा जाऊन तिला खरं सांगता आलं असतं. मी गेले नाही. हे मेलं कुठल्या भुतानं अडवलं नव्हतं मला.

ठिपका दर मे महिन्यात येतो. डॉक्टर म्हणतात, वयानं असे डाग पडतात. पडत असतील. मी घरात कुठल्याच दाराला पडदा लावत नाही, आणि दुपारी दोनला दार सताड उघडं ठेवते. आली तर तिला पहिल्यांदा बघीन.

अजून आलेली नाही.

आज सगळं खरं सांगून टाकलं. वाटलं, सांगितलं की जाईल. आत्ताच मोरीत जाऊन हात घासून आले. ठिपका आहे तिथंच आहे. जिला सांगायचं होतं तिला सांगितलं नाही, आता तुम्हाला सांगून काय उपयोग?