सातव्या टेकनंतर

कोरा मेब्री भर दुपारी हार्लेमहून बसनं जर्सीला निघाली, ती नवऱ्याचा आवाज ऐकायला. एल्झीला जाऊन तीन महिने झाले होते. छत्री घरीच राहिली आणि डिसेंबरच्या पावसानं तिला पार चिंब केलं.

ऑगस्टमध्ये एल्झीनं रेकॉर्डिंग करणाऱ्या हॅल्वरसनच्या घरच्या स्टुडिओत एकट्यानं पियानो वाजवून आपली पहिलीवहिली रेकॉर्ड केली होती. "चल ना, शेजारी बस नुसती," म्हणून किती विनवलं होतं त्यानं! तर ही फणकारली, "लाँड्रीतला ढीग कोण उपसेल? तुझा जॅझ?" महिन्याभरात त्याचं हृदय बंद पडलं. बोलून जातो माणूस, आणि मग ते बोलणं जन्मभर घशात अडकून बसतं.

"गाणी कंपनीनं नेली, मिसेस मेब्री," हॅल्वरसन म्हणाला. "ही गाण्यांच्या मधली उरलीसुरली टेप. उद्या हिच्यावर दुसऱ्या कुणाचं तरी गाणं भरणार. आज पोटभर ऐकून घ्या."

टेप फिरू लागली. तेच गाणं सातव्यांदा वाजवायची खूण देणारा हॅल्वरसनचा आवाज आला, "टेक सात." मग पियानो, आणि त्याच्याखाली एल्झीचं ते ओळखीचं गुणगुणणं. कोराचे डोळे भरून आले. सूर मध्येच तुटला. पियानोपुढचा बाक करकरला.

"भिजलीस ना, वेंधळे?" टेपवर एल्झी म्हणाला. "कोट काढ. हीटरवर टाक."

कोराच्या कोटाचं पाणी फरशीवर टपटपत होतं.

"कोणाशी बोलतोय हा?"

"खोलीत तो एकटाच होता..." हॅल्वरसनची जीभ अडखळली. "आणि ऑगस्टात हीटर..."

"किती उशीर गं," टेप बोलतच होती. "बाकावर जागा ठेवलीय. येतेस ना?"

थोडा वेळ नुसती खरखर. मग एका बाईचा आवाज... "थांब, आले."

कोराच्या अंगावर सर्रकन काटा आला. आवाज तिचाच होता.

हॅल्वरसननं हिसका देऊन मशीनची वायर उपटली. "पुसून टाकतो मी हे! आत्ताच्या आत्ता!"

"खबरदार हात लावलात तर!"

भीती तिला वाटलीच, का नाही वाटणार? पण तीन महिने त्या घरात तिला 'वेंधळी' म्हणणारंही कुणी नव्हतं. त्यापुढं भीती ती किती टिकणार! तिनं कोट हीटरवर टाकला आणि काचेपलीकडच्या पियानोच्या खोलीचं दार उघडलं.

"थांब, आले," ती म्हणाली. अगदी त्याच सुरात.

बाकाची अर्धी जागा सोडून ती बसली. हॅल्वरसन काचेतून बघत राहिला. कोराचे ओठ मिटलेले होते. मान जरा कलती करून ती ऐकत होती, मध्येच गालात हसत होती.

उपटलेली वायर अजून त्याच्या हातातच होती. मशीनवरची आवाजाची सुई मात्र हलत होती. कुणीतरी भरभरून बोलत होतं.