बीचेचं पिंप

टक्. टक्.

माळ्यावर कुणीतरी हलक्या हातानं लाकडावर हातोडी मारत होतं.

ओरेत्ता मांडीवर चिमुकले मोजे घेऊन जोड्या लावत बसली होती. तिचा हात थांबला. जुलैच्या दुपारी जेवणं आटोपली की या घरात कुणी खुर्चीसुद्धा सरकवत नसे. खिडक्यांच्या झडपा ओढलेल्या, फटींतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्या फरशीवर पडलेल्या. त्या पट्ट्यांत पाच वर्षांची बीचे पालथी पडून पांढऱ्या कुत्रीच्या पाठीवर बटणं मांडत होती.

"बाबा उंदीर मारतोय," बीचे वर न बघताच म्हणाली.

"हातोडीनं?"

"म्हणून तर हळू मारतोय. त्याला लागू नये म्हणून."

ओरेत्ताला हसू फुटलं. बीचेच्या डोक्यात उजवीकडे एक भोवरा होता, कितीही विंचरलं तरी केस तिथं उभेच. ओरेत्तानं वाकून त्यावर फुंकर मारली. हा दोघींचा खेळ. तो तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हता.

ओरेत्ताचा नवरा दूच्चो शिडीवरून उतरला. केसांत जळमटं, हातात काचेची सुरई. सुरईत जुन्या मधाच्या रंगाची विन सांतो, कौलांखाली वर्षानुवर्षं पिंपात कोंडून ठेवलेली गोड वाइन.

"अगं, बिस्किटं घेऊन ये बाहेर. हॉलंडच्या बाई आल्यात, तिकडं वाइनचं दुकान आहे त्यांचं. सिएनाची चित्रं बघून झाली, समुद्रात डुंबून झालं, आता म्हणतात तुमच्या घरची चाखवा. नवरा गाडीत घोरतोय."

"कुठल्या पिंपातली काढलीस?"

"चांगल्यातली," असं म्हणून तो बाहेर सटकला.

अंजिराच्या झाडाखाली हानेकेबाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, उन्हानं लाल झालेल्या, हसऱ्या. इटालियन सावकाश पण नीट बोलत. त्यांनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले, घोट घेतला.

"मध. सुकं अंजीर. अक्रोडाचं साल." थोडं थांबून त्या हसल्या. "आणि माफ करा हं, ओलं कुत्रं."

"आमच्याकडं कुत्री पिंपात पोहत नाहीत," दूच्चो म्हणाला, आणि दोघं खळखळून हसली.

"ओलं, पांढरं कुत्रं," हानेकेबाई पुन्हा म्हणाल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत.

ओरेत्ता बिस्किटांची बशी ठेवून आत आली. बीचे भिंतीला पाठ लावून उभी होती. बटणं फरशीवर विखुरलेली. कुत्री शेपटी हलवत तिच्याकडे जाऊ बघत होती.

"आई, हे कुणाचं कुत्रं? त्याला बाहेर घालव ना."

"बीचे, उगाच थट्टा नको."

पण मुलगी भिंतीला आणखीच चिकटली. पाच वर्षं जिच्या कुशीत ती दुपारी झोपली, तिच्याकडे ती लांडग्याकडे बघावं तशी बघत होती. ओरेत्तानं तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. गावच्या वाइन संघाच्या प्रयोगशाळेत ओरेत्ता रसातली साखर आणि आम्ल मोजायची. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. ऊन लागलं असेल, असं म्हणून तिनं कुत्रीला मागच्या दारानं बाहेर काढलं.

अंगणातून हानेकेबाईंचा आवाज आला, जरा चढलेला, आनंदी. "किती विचित्र! एक एप्रन दिसतोय. पिठाचा वास, त्यात लसूण. खिशात बडीशेपेच्या गोळ्या. कुणीतरी म्हातारं माणूस मला उचलून घेतंय."

ओरेत्तानं झटकन अंगणाकडे वळून पाहिलं.

स्वयंपाकघरातून सासूबाई, आर्जा, हात पुसत आल्या. एप्रनला पीठ लागलेलं होतं. "काय गं बीचे, गोळी हवी?" त्यांनी खिशात हात घातला.

बीचे ओरेत्ताच्या मागे लपली. "आई, या कोण?"

आर्जाचा हात खिशातच राहिला. नातीकडे, मग अंगणाकडे, मग माळ्याच्या शिडीकडे त्यांनी पाहिलं. "पोरी," त्या फार हळू म्हणाल्या, "त्यानं कुठलं पिंप उघडलं?"

या घरात मूल जन्मलं की त्याच्या नावाचं एक छोटं पिंप भरत. तोंड सिमेंटनं बंद करत आणि ते ओलं असतानाच बाळाचा अंगठा त्यात दाबत. लग्नाच्या दिवशी ते फोडायचं, आणि पहिला पेला ज्याचं पिंप त्यानंच प्यायचा, दुसऱ्या कुणी नाही. ओरेत्ताला ही सगळी गोड खुळं वाटायची. तरी आपल्या बाळाचा शेंगदाण्याएवढा अंगठा त्या गार चिखलात दाबण्याआधी तिनं तो ओठांना लावला होता.

"दूच्चो!" आर्जा दारातून ओरडल्या. "बीचेच्या पिंपाला हात लावलास?"

"सील फोडलेलं नाही, आई!" तो तिथूनच ओरडला. "माझ्या पिंपातल्याचं पार व्हिनेगर झालंय. हिच्या पिंपाला पुढून बारीक भोक पाडलं, एक सुरई काढली, लगेच खुंटी ठोकली. अंगठा जिथल्या तिथं आहे! सील शाबूत म्हणजे पिंप उघडलंच नाही, तूच सांगायचीस ना?"

आर्जा मटकन खाली बसल्या.

कारण असेल, ओरेत्ता स्वतःला बजावत होती. कारण असतंच. तिनं बीचेला घट्ट धरलं. "बीचे, मी कोण?"

"तू आई."

"आणि तुझं नाव?"

"बीचे." तिला या प्रश्नांची गंमत वाटत होती.

बाहेर सुरई पेल्याला लागल्याचा आवाज झाला.

ओरेत्ता धावली.

उन्हानं डोळे दिपले. सुरई जवळजवळ रिकामी होती. हानेकेबाईंच्या हातात भरलेला पेला, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं.

"कुणीतरी माझे केस विंचरतंय," त्या म्हणाल्या. "उजवीकडे भोवरा आहे. तिथं ती थांबते आणि..."

त्यांनी ओठांचा चंबू करून हवेत हळूच फुंकर मारली.

"पिऊ नका," ओरेत्ता म्हणाली. "बाई, पिऊ नका, खाली ठेवा तो!"

हानेकेबाईंनी डोळे उघडले. ओरेत्ताकडे बघून त्यांचा चेहरा उजळला, शाळा सुटल्यावर फाटकात उभी आई दिसली की पोरांचा उजळतो तसा. आणि तिच्याकडे बघत बघतच त्यांनी पेला ओठांना लावला.

ओरेत्तानं तो हिसकावला. वाइन मनगटावर सांडली. तळाशी घोटभर उरली होती.

"अगं, काय करतेस? पाहुण्या आहेत त्या!" दूच्चो उठला.

ती ऐकायला थांबली नाही. पेल्यावर तळहात झाकून, एक थेंबही सांडू न देता, ती आत आली.

आर्जा भिंतीला टेकून पुटपुटत होत्या. बीचे खिडकीशी उभी होती. उन्हाची पट्टी तिच्या चेहऱ्यावर होती. ती शांत होती.

ओरेत्ता तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "घे, राणी. एवढा एकच घोट. गोड आहे."

बीचेनं हात पाठीमागे नेले. "नको. अनोळखी माणसांनी दिलेलं काही घ्यायचं नसतं."

"कुणी सांगितलं तुला असं?"

बीचेनं बराच वेळ आठवून पाहिलं. कपाळाला आठी पडली. मग तिनं मान हलवली.

ओरेत्तानं पेला तिच्या ओठांजवळ नेला. मुलीनं ओठ घट्ट मिटले आणि एक पाऊल मागे घेतलं. पण ती घाबरली नव्हती. ओरेत्ताचे डोळे बघून तिला कीवच आली असावी. तिनं हात पुढे केला आणि ओरेत्ताच्या गालावरचं पाणी एका बोटानं पुसलं. मग, बाहेरच्या माणसांशी बोलताना वापरायच्या त्या आदबशीर आवाजात, तिनं हळूच विचारलं,

"तुमची मुलगी हरवलीय का?"