पिपावरची चकती

विरजणाच्या दुधात बुडवतात तशी वृंदानं कोमट रसात करंगळी बुडवली आणि सांगितलं, आता घालायला हरकत नाही. हारमेननी हातातल्या थर्मामीटरकडे पाहिलं, तिच्या करंगळीकडे पाहिलं आणि थर्मामीटर खिशात टाकला. मग मागच्या खेपेचं राखून ठेवलेलं यीस्ट बरणीतून पिपात ओतलं.

फोरबर्ग या डच गावातल्या त्या रांगेतल्या घरांना मागच्या बाजूला सायकली ठेवायला एकेक शेड असते. हारमेन शेजारच्या घरात एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि उरलेला सगळा जीव जुन्या पद्धतीच्या कडक बिअरमध्ये. ओट, गहू आणि मोड आणून वाळवलेली बार्ली. त्यांच्या शेडचं छप्पर गळायला लागलं म्हणून दोन हजार वीसच्या मार्चच्या सुरुवातीला पीप वृंदाच्या शेडमध्ये आलं आणि तिच्या सायकली पावसात गेल्या. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या बाईला यात नवीन ते काय, असं म्हणत ती बघायला गेली आणि पुरती अडकली. भिजल्या दाण्यांतून निघणारा पहिला रस तेवढाच घ्यायचा, तोच दाट. दुसऱ्या पाण्याची बिअर पातळ, ती रोजच्या जेवणासोबत. कुणी विचारलं तर तिचा नवरा श्रीधर सांगायचा, वृंदाचं सध्या ओट्सचं काहीतरी चाललंय. त्यात खोटं काही नव्हतं.

पिपाच्या तोंडाला बूच ठोकायचं नाही, नुसती एक पितळी चकती ठेवायची, हा हारमेनचा नियम. आत हवा धरली की चकती किंचित उचलायची आणि टप्पकन खाली बसायची. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून वृंदा दोनदा पुढच्या दाराशी जाऊन आली. दाराला पत्रं टाकायची फट असते ना, तिच्या झडपेचा हुबेहूब तोच आवाज.

निघताना हारमेन "येतो" म्हणत. हा एक शब्द तिनंच शिकवला होता. आमच्यात जातो म्हणायचं नसतं, म्हणून. त्यांना भारी मजा वाटली होती. म्हणाले, म्हणजे तुमच्याकडून कुणी जातच नाही, सगळे येतच असतात? वृंदा म्हणाली, म्हणून तर घर लहान पडतं. तर ते येतो म्हणत, ती उलट डचमध्ये 'तोत झो', म्हणजे लवकरच भेटू, असं म्हणे, आणि भिंतीवरच्या दोन खिळ्यांना दोन मातीचे मग टांगले जात. डावा त्यांचा, उजवा तिचा.

महिनाअखेरीला सगळं बंद झालं. श्रीधरला दमा. वृंदा दुधाचे खोके साबणानं धुवायला लागली. अशाच एका पावसाळी संध्याकाळी बेल वाजली नाही, पण दाराची झडप वाजली. पाहते तर फटीतून दोन बोटं आत आलेली, आणि त्यांच्यामागे खोकला.

हारमेनना ताप होता. फोन कुठे ठेवलाय ते आठवत नव्हतं, शब्द एकमेकांत अडकत होते. एवढं मात्र नीट म्हणाले, "वृंदा, एल्स्केला फोन कर. म्हणावं, ये." एल्स्के ही त्यांची बहीण, एनस्खेडेला राहायची. दोघांचं कशावरून तरी बिनसलं होतं आणि बोलणं बंद होतं. अडीअडचणीसाठी म्हणून तिचा नंबर वृंदाकडे होता.

"करते," ती दाराआडून म्हणाली. आवाज अगदी गोड होता. "तुम्ही घरी जाऊन पडा बघू."

"येतो," ते म्हणाले.

"या," ती म्हणाली. घाईघाईत तोंडातून मराठीच निघालं, पाहुण्याला निरोप देताना आपण म्हणतो तसं. बोटं मागे गेली. ते फाटकाशी पोचायच्या आतच तिनं झडपेवर सॅनिटायझर मारलं. फुस्स, फुस्स. त्यांना ते ऐकू गेलं असणार. पावलं जराशी थांबली होती.

फोन सकाळी करू, असं तिनं ठरवलं. नुसता ताप निघाला तर उगीच त्या बाईला कशाला घाबरवा. सकाळी दूध आलं, श्रीधरची मीटिंग आली, आणि दुपारी समोरच्यांनी बोलावलेली ॲम्ब्युलन्स आली. एल्स्केला फोन गेला तो हॉस्पिटलमधून, सगळं संपल्यावर.

एल्स्के घर आवरायला आली तेव्हा दोघी फाटकाच्या दोन बाजूंना अंतर ठेवून उभ्या राहिल्या. ती म्हणाली, त्याच्या सपाता दाराशी भिजून कडक झालेल्या होत्या. अशा तापात हा कुठे गेला होता? मग तिनं विचारलं, "तुझ्याकडे आला होता का? माझं नाव काढलं का त्यानं?"

"नाही," वृंदा म्हणाली. "आमच्याकडे नाही आले."

एल्स्केनं मान हलवली. मला वाटलंच होतं, म्हणाली, नसेलच काढलं. पीप मात्र तिनं वृंदाच्या हवाली केलं. माणसांना एकत्र जमता येईल तेव्हा त्याच्या आठवणीला पिऊ, तोवर तूच सांभाळ.

उन्हाळ्यात चकती वाजायची थांबली. थांबायलाच हवी होती. आतली साखर संपली की यीस्ट तळाला बसतं. सप्टेंबरात ती पुन्हा वाजायला लागली. वृंदानं हवेला दोष दिला. मग एकदा सायकल काढताना डावा मग ओला दिसला. तिनं छप्पर तपासलं, ठणठणीत होतं. मग पुसून टांगला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तळाशी घोटभर ओल, आणि तिला खारट ज्येष्ठमधाचा वास. हारमेन दिवसभर चघळत त्या काळ्या गोळ्यांचा. उजव्या मगात कोळ्यानं जाळं धरलं होतं.

फेब्रुवारीत कालवे गोठले. शेडमधल्या बादलीतलं पाणी दगड झालं. अशा थंडीत यीस्ट मेल्यासारखं झोपतं, हे आता तिला चांगलं ठाऊक होतं. चकती वाजत होती. मध्ये खोकण्यापुरती जागा सोडून पुन्हा वाजत होती.

तिनं श्रीधरला बोलावलं. तो कुडकुडत शेडच्या दारात उभा राहिला, ऐकलं, म्हणाला, अगं, पोस्ट आलंय वाटतं, आणि पुढच्या दाराकडे गेला. परत येऊन म्हणाला, कुणी नाहीये.

"तू अजून झडपेवर सॅनिटायझर मारतेस? केवढा वास येतोय."

ती बाटली तिनं गेल्या उन्हाळ्यातच फेकून दिली होती.

उन्हाळ्यात हारमेनच्या मागच्या अंगणात माणसं जमली. बिअर काळी, दाट, जिभेवर रेंगाळणारी झाली होती. अशी तर हारमेनलाही कधी जमली नव्हती, असं एकजण म्हणाला आणि सगळे हसले. वृंदाला पुढे बोलावून तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. तिला त्या अंगणातच जमिनीनं पोटात घेतलं तर बरं असं वाटलं, आणि तरी ती हसून नमस्कार करत राहिली.

एल्स्के ग्लास घेऊन जवळ आली. "त्याच्या शेवटच्या कामाजवळ कुणीतरी आपलं माणूस होतं, हे बरं झालं." ती ग्लासात बघत होती. "आमचं भांडण अगदी क्षुल्लक होतं गं. त्यानं एक निरोप धाडला असता तरी मी चालत आले असते."

"एल्स्के," वृंदा म्हणाली.

एल्स्केनं वर पाहिलं. डोळे हुबेहूब हारमेनचे.

"थोडी अजून घेणार का?"

"घाल," एल्स्के म्हणाली.

घरी येऊन वृंदानं रिकामं पीप गरम पाण्यानं धुतलं आणि शेडमध्ये उपडं ठेवलं. चकती पुसून फळीवर ठेवली. दोन्ही मग धुऊन, फडक्यानं कोरडे करून खिळ्यांना टांगले. बाहेर अजून लख्ख उजेड होता. आत काहीच वाजत नव्हतं.

झालं. हारमेन निघाले वाटतं, ती मनाशी म्हणाली, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

दार ओढून घेताना ती सवयीनं म्हणाली, "येते."

फळीवर चकती वाजली.

"या," आतून कुणीतरी म्हणालं. अडखळत, घोगऱ्या डच घशातून.

हा शब्द तिनं त्यांना कधी शिकवला नव्हता. त्यांनी तो एकदाच ऐकला होता, झडपेतून.