चौथ्या ओळीची जागा

थॉर्नबाईंच्या स्वयंपाकघरातल्या शाळेत माझ्याइतकं भरभर कोणी वाचत नाही. हे मी गर्वानं सांगत नाहीये. म्हणजे थोडं गर्वानंच सांगतेय, पण गर्व हे पाप आहे हेसुद्धा शाळेत मीच वाचून दाखवते. थॉर्नबाई हल्ली धाकट्या पोरांना माझ्यावर सोपवून चुलीपाशी मक्याची पेज ढवळत बसतात. मी पुढे म्हणते, पोरं मागून म्हणतात. आमच्या गावात सगळं असंच चालतं. सभाघरातसुद्धा शब्बाथच्या दिवशी, म्हणजे रविवारी, चर्चच्या मंडळीचे डीकन हेझेकाया स्तोत्राची एक ओळ वाचतात, ती आम्ही सगळे गातो, मग ते पुढची वाचतात. पुस्तकं थोडी आणि वाचणारे त्याहून थोडे, मग दुसरं काय करणार?

या वसंतात मला माझ्या आईची लाज वाटायला लागली.

आई कवनं करते. लिहीत नाही, लिहिणं मुलग्यांना शिकवतात. लोणी काढायच्या पिंपात रवीचा दांडा खालीवर करताना त्या ठेक्यावर ती ओठांतल्या ओठांत ओळी जुळवते. माझा धाकटा भाऊ इफ्राइम ऐन थंडीत गेला. जमीन इतकी गोठलेली होती की कुदळ आत जाईना. आईनं आपल्या टोपीची नाडी कापून त्याचा जबडा बांधला, त्याला लोकरीत गुंडाळलं, आणि बर्फ वितळेपर्यंत तो गोठ्याच्या माळ्यावर राहिला. मी रोज खाली गाईचं दूध काढायचे. वर बघायचे नाही.

तेव्हा आईनं हे केलं:

माती झाली दगड, देवा,
खणू कुठे मी घर?
मी दिली लोकर, हिम तू दिलेस,

चौथी ओळ तिला सापडेना. ती तिथपर्यंत यायची आणि दांडा थांबायचा.

मग माझी मैत्रीण डॉर्कस, तिची तान्ही बहीण गेली. पुरताना डॉर्कसच्या आईला उभं राहवेना, तेव्हा माझ्या आईनं तिला धरलं आणि पहिल्या दोन ओळी तिच्या कानात म्हटल्या. हळूच म्हटल्या, पण डीकन जवळच उभे होते.

कवन करणं हा काही गुन्हा नाही. पुरुष करतात, तिरडीच्या कापडाला टाचतात, लोक वाचून डोळे पुसतात. पण बाईनं करावं, चारचौघांत म्हणावं, वर त्यात देवालाच प्रश्न विचारावा? वडीलमंडळींनी बाबांना बोलावून घेतलं. बाईला शंका आली तर तिनं घरी नवऱ्याला विचारावी असं बायबलात वचनच आहे, ते त्यांनी बाबांना वाचून दाखवलं.

बाबा परत येऊन बूट काढत म्हणाले, "मला विचारलं असतंस तर मी तरी काय सांगणार होतो, ॲबिगेल?"

आई म्हणाली, "म्हणून तर तुम्हाला विचारलं नाही."

ठरलं ते असं. शब्बाथच्या सभेत आईनं स्टुलावर उभं राहायचं. सभाघरात बाईनं बोलायचं नसतं, म्हणून तिची कबुली पाद्रीबाबा लिहिणार आणि तेच वाचणार. आईनं फक्त मान डोलवायची. नाही डोलवली, तर मंडळीतून बाहेर. मंडळीबाहेरच्या बाईसोबत कोणी जेवत नाही, तिच्या घरचं लोणी कोणी घेत नाही, आणि तिच्या मुलीच्या हाती कोणी आपली पोरं देत नाही.

"मान तर हलवायचीये," मी म्हटलं. "कोंबडीसुद्धा हलवते."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "केझाया, भरभर वाचतेस तशी जरा हळूही वाचत जा गं."

त्याच आठवड्यात शाळेत मी पोरांना अक्षरं म्हणायला लावली होती. सगळ्यांत धाकटा इनॉक माझ्यामागून म्हणता म्हणता मध्येच, त्याच सुरात, म्हणाला, "मी दिली लोकर, हिम तू दिलेस."

थॉर्नबाईंनी पेजेची पळी खाली ठेवली आणि शिवणाचं अंगुस्तान घातलेल्या बोटानं त्याच्या डोक्यावर टकटक केलं. "हे कुठलं अक्षर रे?"

"केझायाताई म्हणाली तेच म्हटलं," तो रडवेला होऊन म्हणाला.

मी काही म्हटलं नव्हतं. पहिल्या दोन ओळी एव्हाना गावाला माहीत असतील, पण तिसरी आईनं घराबाहेर कुणालाच ऐकवली नव्हती. माझे कान गरम झाले. मला वाटलं, आता पोरंही चिडवायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी डीकनांच्या कुंपणाजवळून जात होते. ते छपरासाठी फळ्या फोडत होते. प्रत्येक घावाला गुणगुणत होते. तीच चाल, तेच शब्द. तिसऱ्या ओळीनंतर कुऱ्हाड वरच थांबली.

मला पाहून ते दचकले. "मी काय म्हणत होतो गं?"

"स्तोत्र असेल, डीकनकाका."

"हो. स्तोत्रच," ते म्हणाले, आणि कुऱ्हाड तशीच टाकून आत गेले.

शब्बाथला आई स्टुलावर उभी राहिली. स्टूल बुटकं, एक पाय आखूड, त्यामुळे ती जराशी डुगडुगत होती. मी दोन बाकं मागे डॉर्कसजवळ जाऊन बसले, आमच्या बाकावर नाही. पाद्रीबाबांनी कबुली वाचली. मी, ॲबिगेल, माझ्या मर्यादेबाहेर गेले. मी, ॲबिगेल, बाईच्या हाताला सुईच शोभते हे विसरले. पुरुषाच्या जाड आवाजात 'मी गेले', 'मी विसरले' ऐकताना कुणीतरी फिसकन हसलं. मी मनात म्हणत होते, डोलव. डोलव ना गं, एकदाची डोलव.

आईनं मला गर्दीत शोधलं. मी मान खाली घातली.

वर पाहिलं तेव्हा तिनं मान डोलवली होती. तिला खाली उतरायला सांगितलं. सगळे सैल झाले. डीकन स्तोत्र घेऊन उभे राहिले आणि त्यांनी पहिली ओळ वाचली.

सभाघर उठून गायलं:

"माती झाली दगड, देवा."

डीकनांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पुढची ओळ वाचली, पुस्तकातली, बोट ठेवून, मोठ्यानं.

"खणू कुठे मी घर?"

गाणारे थांबत नव्हते. पाद्रीबाबा गात होते. डॉर्कसची आई गात होती, डोळे मिटून. बाबा गात होते. सगळ्यांच्या डोळ्यांत भीती होती आणि तोंडं चालूच होती.

तिसरी ओळ झाली.

चौथ्या ओळीला सगळ्यांनी तोंडं उघडली.

आवाज आला नाही. सगळं गाव आ वासून उभं, आणि कुठेच काही नाही. बाहेर बांधलेल्या घोड्यानं खूर आपटला तेवढंच.

मग एकेक तोंड मिटलं. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. बायका हातमोजे शोधत राहिल्या. त्या दिवशी गावात सगळ्यांनाच लाज वाटत होती, आणि कशाची ते एकानंही बोलून दाखवलं नाही. कोण कुणाला स्टुलावर उभं करणार?

तेव्हापासून आम्ही गात नाही. डीकन ओळ वाचतात, आम्ही तोंडं मिटून उभे राहतो. तरीही प्रत्येक ओळीनंतर ते थांबतात, एक ओळ गायला जितका वेळ लागतो तितका. मान तिरकी करून. मग बोट खाली सरकतं.

मला काही ऐकू येत नाही. मी एकेक बाक बघत जाते, सगळ्यांचे ओठ मिटलेले असतात. आईचेही. ती हल्ली निघण्याआधी माझ्या टोपीची नाडी हनुवटीखाली स्वतः बांधते, इतकी घट्ट की दात दातांवर बसतात.

आज चौथ्या ओळीनंतर डीकन थांबले, आणि त्यांचं बोट खाली सरकलंच नाही. डॉर्कसच्या आईनं तोंडावर हात दाबला. आई रडत होती.

घरी येताना मी डॉर्कसला गाठलं, नाडीमुळे मिटलेल्या दातांतून पुटपुटत विचारलं, "सगळ्यांना काय ऐकू येतं गं? चौथी ओळ काय आहे?"

ती माझ्यापासून जरा दूर सरकून चालायला लागली.

"मला काय विचारतेस," ती म्हणाली. "तूच तर म्हणतेस. दर वेळी तूच म्हणतेस."

घरी येऊन मी पाण्याच्या पिंपात वाकून स्वतःचा चेहरा पाहिला. आईची गाठ सकाळी होती तशीच होती, घट्ट. जून महिना चालू आहे. नाडीवर, ओठांच्या खाली, हिम साचलं होतं.