नवव्या रेघेवरची मुंगी

खिळ्याचं टोक पट्टीच्या चौदाव्या मिलिमीटरवर होतं आणि नवव्या रेघेवर एक काळी मुंगी होती. तिचे पुढचे दोन पाय रेघेच्या अलीकडे, बाकीचे चार पलीकडे. सेजलने बोटाने फोटो सरकवला. पुढच्या शनिवारचा फोटो. खिळा चौदावर, मुंगी नऊवर, दोन पाय अलीकडे, चार पलीकडे. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच.

"ही मुंगी पाच आठवडे हितंच उभी हाय," ती म्हणाली.

"आमच्या गाडीसारखी ट्रॅफिकमध्ये अडकली असेल यार," साहिल म्हणाला.

तिच्या वर्गातला रितेश खो खो हसला. सेजल हसली नाही.

तिघं पोलादपूरच्या पुढच्या एसटी थांब्यावर उभे होते. सेजलचा चुलतभाऊ साहिल मुंबईहून गणपतीला यायला निघाला होता, पण हायवे तुंबला आणि तो एक दिवस उशिरा पोचला. गणपती कालच बसले होते. त्यांच्या कोंडावर, म्हणजे डोंगराच्या कुशीतल्या बावीस घरांच्या वाडीवर, मोबाईलला रेंज नव्हती. ती फक्त या थांब्यावर मिळे. म्हणून साहिल उतरताच सेजलने त्याचा फोन मागून घेतला. तिला त्याला आठवीच्या वर्गाचा प्रकल्प दाखवायचा होता.

जूनमध्ये विनीत सरांनी वर्गाला सांगितलं होतं, पुस्तकात ज्याचं उत्तर नाही असा तुमच्या गावातला एक प्रश्न शोधा. सेजल म्हणाली, कोंडाच्या वरच्या उतारावर भेग पडलीय, ती वाढते का? सरांचे डोळे चमकले होते. मग मुलांनी भेगेच्या दोन काठांवर दोन खुंट्या ठोकल्या. एकीला पट्टी बांधली, दुसरीला खिळा. भेग रुंदावली की खिळा पट्टीवर पुढे सरकायचा. दर शनिवारी शाळेच्या टॅबवर फोटो काढायचा, आकडा अॅपमध्ये भरायचा. भेग थांबलेली असेल तर रकाना हिरवा. आठवड्यात पाच मिलिमीटरहून जास्त वाढली तर लाल, आणि यादीतल्या सगळ्या नंबरांवर निरोप. हा नियमही मुलांनीच वाद घालून ठरवला होता. सेजलला शाळा इतकी कधीच आवडली नव्हती.

मग प्रकल्पाला तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं. जिल्ह्याच्या प्रदर्शनापर्यंत टॅबला ओरखडा नको म्हणून सरांनी तो कपाटात ठेवून कुलूप लावलं. पावसात मुलांनी वर जायचं नाही, मोजायला मी स्वतः जाईन, असं म्हणाले. सेजलने विश्वास ठेवला होता.

"सर गेलेच नाय. आपलाच शेवटचा फोटो परत परत चढवलाय," रितेश हळूच म्हणाला. त्याचं हसू पार मावळलं होतं.

सेजलला आता वेगळंच काही आठवत होतं. तळीये गावावर दरड कोसळली त्या वर्षापासून कोंड सोडायचं बोलणं चाललं होतं. खालच्या माळावर पत्र्याच्या खोल्या बांधून तयार होत्या. पण तिचा आजा भागोजी गावकीचा म्होरक्या. तो हलला की कोंड हलणार, आणि तो दर वर्षी म्हणायचा, जाऊ, बघू. या जुलैत खिळा सहावरून चौदावर गेला तेव्हा मात्र त्याने भांडी पोत्यात भरली होती. पुढे रकाना हिरवाच राहिला. "आपल्या पोरांनीच मोजलंय, भेग थांबली," असं चारचौघांत सांगत त्याने भांडी परत फळीवर लावली. तिच्याच अॅपवर भरवसा ठेवून.

दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती. वर जाऊन खुंट्यांच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, असं सेजलने दोघांकडून वदवून घेतलं. पाऊण तासात ते भेगेपाशी पोचले. गवत कमरेएवढं माजलं होतं. पायवाटेवर माणसाच्या पायाची खूण नव्हती.

प्रत्येकाने एकट्याने वाचायचं आणि आकडा मनात ठेवायचा, असं सेजलने बजावलं. ही पद्धतही सरांनीच शिकवलेली. रितेशचा आकडा एक्केचाळीस. तिचाही एक्केचाळीस. साहिलचा बेचाळीस.

"तिरका बघितलास. डोळा समोर धर," सेजल म्हणाली.

साहिलने पुन्हा पाहिलं, "एक्केचाळीस" म्हणाला आणि फोटो काढला.

थांब्यावर परत येऊन सेजलने आधी सरांनाच फोन लावला. सरांनी ऐकून घेतलं. सुट्टीत वर कशाला गेलात, म्हणून रागावले. मग आवाज मऊ करून म्हणाले, "सेजल, शाळा उघडली की आपण नीट बघू. आत्ता रकाना लाल झाला तर चौकशी लागेल, प्रदर्शनातून नाव जाईल. तुझंच नाव आहे त्यात, बाळा."

तिने फोन ठेवला. वर्गाचा पासवर्ड तिला पाठ होता. तिने फोटो चढवला, एक्केचाळीस भरलं आणि बटण दाबलं. रकाना लाल झाला. निरोप तालुक्याच्या कार्यालयापर्यंत गेला असणार, कारण तीन मिनिटांत सरांचा फोन आला. तो तिने उचलला नाही.

दुपारी सर मोटारसायकलने कोंडावर आले. देवळासमोरच्या सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या दगडी चौथऱ्यावर, सगळी गावकी जमली होती. तालुक्यातून विचारणा झाली होती, सरांचा चेहरा उतरला होता, तरी त्यांनी भाषण सुरू केलं. अशी चौकस मुलं आपल्या शाळेत आहेत याचा अभिमान वाटतो, म्हणाले. काहींनी टाळ्या वाजवल्या. सेजलला त्या टाळ्या थोबाडीत बसल्यासारख्या वाटल्या.

ती उठली आणि आजाला साहिलचा फोन दाखवला. थांब्यावरच उतरवून घेतलेले पाच फोटो, एकामागून एक, मोठे करून.

भागोजीने पुन्हा पुन्हा पाहिलं. मग मान वर केली. "गुरुजी, ह्या पाच शनवारी वर कोन गेलं व्हतं?"

"रकाना रिकामा राहिला की वरून विचारणा होते, भागोजीबुवा. म्हणून मी…"

"कोन गेलं व्हतं?"

"कोणी नाही," सर म्हणाले.

"एक्केचाळीस म्हंजे किती गो?" आजाने सेजलला विचारलं. "बोटांनी दाखव."

तिने अंगठा आणि तर्जनी फाकवली. आजा त्या फटीकडे बघत राहिला. सेजलने बोटं तशीच धरून ठेवली.

"पन गनपती बसलेत," मागून साळूबाई म्हणाली. "गौर यायची हाय. देव घरात असताना घर कसं सोडायचं?"

भागोजीने उपरणं खांद्यावर टाकलं आणि उठून उभा राहिला.

"देवाला आजच पोचवू," तो म्हणाला. "गुरं सोडा. गौर खालच्या खोल्यांत आनायची. कोंड सोडला आपन."