गाडीत ठेव, बिनघोर राहा

चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक असतात म्हणे. या गृहस्थाला त्या चोराहून जास्त ठाऊक होत्या. विमा कंपनीत चोरीला गेलेल्या गाड्यांची चौकशी करणं हे त्याचं काम. वीस वर्षं लोकांच्या गाड्या कशा जातात ते पाहिल्यावर आपली जाणार नाही, याची त्याला पक्की खात्री होती. गल्लीत त्याला कुलूपकाका म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि त्याला उलट बरंच वाटे.

त्याची व्यवस्था होतीच तशी. फाटकाला साखळी. गाडी पोर्चमध्ये, नाक भिंतीकडे. स्टिअरिंगला आडवा लोखंडी दांडा. परका हात लागला की गाडी तीनदा हॉर्न द्यायची, आखूड, तुटक. दाराजवळच्या खुंटीवर चावी टांगणाऱ्यांची तर तो मनापासून कीव करायचा. "अहो, या नव्या चाव्या सारख्या गाडीशी बोलत असतात," तो शेजाऱ्यांना सांगे. "चोर भिंतीबाहेर यंत्र घेऊन उभा राहतो, ते बोलणं पकडतो, आणि चालला गाडी घेऊन. तुम्ही बसा आत चहा पीत!" म्हणून त्याची चावी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. जादा चावी बँकेच्या लॉकरमध्ये.

घरात माणसं तीन. तो, शाळेत शिकवणारी बायको आणि आई. आईलासुद्धा त्यानं धडे दिले होते. गाडीत बसलं की आधी दाराचा खटका दाबायचा. बाहेर कोणी का असेना, ओळखीचा चेहरा असला तरी उघडायचं नाही.

"तू असलास तरी?" आईनं विचारलं होतं.

"मी कशाला काच वाजवीन? माझ्याकडे चावी आहे."

एका संध्याकाळी आई तिसऱ्यांदा चष्मा शोधत होती. "या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!"

"आई, गाडीत ठेवत जा आणि बिनघोर राहा," तो हसून म्हणाला. "तिथून काळसुद्धा काही उचलून नेणार नाही."

"भरल्या घरात काळाचं नाव कशाला घेतोस?" आई रागावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या मागच्या सीटवर हॉलमधलं घड्याळ होतं. नीट बसवलेलं, वरून पट्टा लावलेला. गाडी बंद, दांडा जागेवर, चावी डब्यात.

त्यानं सरळ आईला विचारलं. हल्ली ती विसरते, हे त्याच्या डोक्यात होतंच. आईचे डोळे भरून आले. "चोर सोडून संन्याशाला फाशी दे तू. मला त्या कपाटाचं दारसुद्धा ओढवत नाही." तो वरमला, आणि घड्याळ परत भिंतीवर लावून कामाला गेला. दुपारी खिळा निघाला आणि घड्याळाचा चुरा झाला.

चार दिवसांनी गाडीत बायकोचे तपासलेले पेपर सापडले, चारही वर्गांचे गठ्ठे, पट्ट्यात आवळलेले. बायकोनं गठ्ठ्यांना हातही लावला नाही. "राहू देत तिथेच," ती म्हणाली. त्या दिवशी भिंतीतला पाण्याचा पाइप फुटला आणि पेपरांचं अख्खं फडताळ भिजून गेलं.

तो काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं पोर्चमध्ये कॅमेरा लावला. पुढच्या आठवड्यात आईच्या औषधांचा डबा गाडीत गेला, आणि त्यानं चित्रण तीनदा पाहिलं. सीट रिकामी होती. मग नव्हती. मधे कोणी आलं नव्हतं, दार उघडलं नव्हतं. पोर्चमधल्या कुंडीचं पानही हललं नव्हतं. त्यानं कॅमेरा बदलून आणला.

रविवारी भर दुपारी आई खुर्चीत नव्हती.

ती गाडीत होती. मागच्या सीटवर, पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून. ऊन पोर्चमध्ये शिरलं होतं आणि काचा बंद होत्या. त्याच्या हातातून डबा दोनदा निसटला, तेव्हा कुठे चावी बाहेर आली. त्यानं दार उघडलं. आतली हवा थंडगार होती.

"आई! इथे कशी आलीस तू?"

"असं काय करतोस? तूच नाही का आणून बसवलंस? म्हणालास, इथे बस, मी आलोच."

"मी?"

"तूच की. तुझाच आवाज." आईनं तळवे एकमेकांवर चोळले. "हात मात्र गार होता रे तुझा."

आणि तेवढ्यात घरातून धाडकन आवाज आला. पंखा छताच्या तुकड्यासकट खाली आला होता, आईच्या खुर्चीवर. खुर्चीचे चार पाय चार दिशांना गेले होते.

बायको त्या रात्री जेवली नाही. "विकून टाक ती गाडी. मला भीती वाटते."

"वेडी आहेस का? असला राखणदार लाखात मिळायचा नाही. आज आई आहे ती कोणामुळे?" त्याची छाती फुगली होती. "माझी गाडी आहे ती. मी तिला राखलं, ती आपल्याला राखते."

तेव्हापासून तो रोज सकाळी आधी मागच्या सीटवर नजर टाकायचा. सीट रिकामी म्हणजे दिवस बिनघोर. मग तो शीळ घालत कामाला जायचा. असा एक महिना गेला.

एका मंगळवारी तो दाढी करून बाहेर आला, तर घर रिकामं होतं.

शेगडी नव्हती. भांडी नव्हती. आईची काठी, बायकोची पुस्तकं, भिंतीवरचे फोटो, काही नव्हतं. खुंटीवर त्याचा एकट्याचा सदरा होता आणि दाराशी त्याच्या एकट्याच्या चपला.

छतातून माती पडत होती. अगदी बारीक धारेनं.

कपाट मात्र होतं. त्यानं चावी काढली आणि धावला.

गाडी काठोकाठ भरली होती. सामानाच्या मधोमध आई आणि बायको बसल्या होत्या, पट्टे लावून, शांत. फक्त चालकाची जागा रिकामी होती. त्याची जागा. त्याला हायसं वाटलं.

त्यानं चावीचं बटण दाबलं.

पुन्हा दाबलं.

मग दाराला हात घातला. गाडीनं तीनदा हॉर्न दिला. आखूड, तुटक.

"आई! अगं, मी आहे!" त्यानं काच वाजवली.

आईनं त्याच्याकडे पाहिलं, परक्या माणसाकडे बघावं तसं. मग पुढे वाकून तिनं त्या रिकाम्या जागेला काहीतरी विचारलं. उत्तर ऐकावं तशी थांबली, आणि मान हलवली.

आणि त्यानं शिकवल्याप्रमाणे तिनं दाराचा खटका दाबला.