दोन्ही पायांचं माप

शिंपी पँटचं माप घेतो ते एकाच पायाचं. दुसरा तेवढाच असणार, हा वरवाल्यावरचा भरवसा. रोहिणखेडचा निजाम टेलर मात्र दोन्ही पाय मोजायचा. दुकान पडलं हमरस्त्यावर. गाड्यांनी पाय मोडलेली, हाड जुळूनही लंगडत राहिलेली निम्मी गिऱ्हाइकं त्याची.

पंजाबराव तसे धडधाकट. पण टेपनं त्यांचा डावा पाय दीड इंच कमी दाखवला.

"काऊन बे निजाम, चालत्या मानसाले लंगडा करतं?"

निजाम हसला. टेप झटकून पुन्हा लावली. दीडच. त्यानं पँट सारखीच शिवली. आठच दिवसांत टिप्परनं पंजाबरावांना उडवलं, डावी मांडी मोडली. चार महिन्यांनी काठी टेकत आले, पँट पुढं टाकली.

"डावीकून दीड इंच काप."

उकंडराव मास्तरांचंही असंच झालं. उजवा पाय, पाऊण इंच. तेव्हापासून टेप लावताना निजाम श्वास रोखायचा.

आणि मग त्याची एकुलती एक लेक अदीबा. मलकापूरला नर्सिंगला चाललेली, नवी सलवार शिवायची होती. डावा पाय दोन इंच कमी. निजामनं नवी टेप आणली, मग सुतळी लावली. सुतळीही तेच बोलली.

"तू मलकापूरले जात नाहीस."

"अब्बा, उद्या शेवटची तारीख हाय!"

"नाही म्हनलं ना!"

त्याची बायको अजीजुन्निसा कडाडली, "पोरीचं नशीब कैचीनं कापता का?"

कापलं त्यानं. रस्त्याकडचं दार बंद केलं. पोर महिनाभर मागच्या खोलीत. नळावरही जायचं नाही.

महिन्यानंतर, भर दुपारी अदीबा खाटेवर बसून अंबाडी निवडत होती. निजाम समोरच.

आधी जळक्या रबराचा वास आला.

मग काडकन वाजलं.

बुलढाण्याला डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "मांडीचे तीन तुकडे. कोणती गाडी होती?"

"गाडी नाही साहेब. घरातच होती. खाटेवर."

डॉक्टरांनी चादर उचलली. मांडीवर टायरची नक्षी उमटली होती, काळी, ठसठशीत. ते जखमेतून चिमट्यानं डांबराची खडी वेचू लागले.

"चाचा," ते हळूच म्हणाले, "ड्रायव्हर ओळखीचा आहे का? कोणाला वाचवताय तुम्ही?"

निजाम पुढं वाकला. त्यानं ट्रेमधला एक खडा उचलला.

उन्हानं तापलेला होता.